एरंडेल लावलेली फ्लॉपी

आष्टीत उन्हाळा असा पडतो की टेबलावरच्या फ्लॉप्या दुपारी उडदाच्या पापडासारख्या फुगतात आणि दिवेलागणीला पुन्हा सपाट होतात. खोटं वाटत असेल तर अण्णाजींच्या ओसरीत एक मे महिना काढून या, मग बोलू. पण ही गोष्ट उन्हाळ्याची नाही. ही पोळा झाल्यानंतरची, आंबिया बहराची संत्री रंग धरू लागतात आणि वीजवाले दुपारची लाइन नेमानं पळवतात, त्या दिवसांतली.

अण्णाजी म्हणजे खादी भांडाराचे निवृत्त व्यवस्थापक. माणूस इतका खरा, की रस्त्यात कुणी ‘बरं आहे ना?’ विचारलं तर थांबून विचार करून उत्तर देई. अशा माणसाची आणि माझी दोस्ती कशी जमली हे लोक अजून विचारतात. मी सांगतो, त्यांच्या वाट्याचं खोटंही मलाच बोलावं लागे, म्हणून माझं जरा जास्त भरतं.

एका सरकारी ऑफिसातून बाद केलेला कॉम्प्युटर अण्णाजींनी लिलावात घेतला होता. सागवानी पेटीवर तो बसवला आणि त्यावर स्वतः कातलेल्या सुताचं आच्छादन घातलं. मूळ विंडोजची सीडी सोबत होती. पण वर्ध्याच्या खादीच्या सभेत एका इंजिनियरिंगच्या पोरानं त्यांना लिनक्स समजावलं. हजारो लोक घरबसल्या थोडं थोडं लिहितात, मालक कोणी नाही, फुकट घ्या, बिघडलं तर दुरुस्त करा, शेजाऱ्यालाही द्या.

‘‘मंग हे तं सूतच झालं,’’ अण्णाजी म्हणाले, आणि त्याच महिन्यात त्या पोराकडून विंडोज पुसून घेऊन लिनक्स बसवलं.

सत्तरीच्या पलीकडे गेलेला माणूस, पण शिकला. एका बोटानं आज्ञा लिहायचा. ते यंत्र चालू व्हायला इतका वेळ घेई की बटण दाबून अण्णाजी चरख्यावर बसत. त्या सुताचं धोतर विणून, धुऊन, वाळून अंगावर आलं की मग पडद्यावर नाव विचारलं जाई. हे मी थोडं ताणून सांगतोय. धुवायला वेळ मिळत नसे.

तर घरात अण्णाजी, त्यांची बायको अनुसयाबाई आणि सून सपना. मुलगा पियुष बुटीबोरीला कारखान्यात होता, रविवारी यायचा. सपना डोंगराकडच्या गावातल्या पुनाजी मडावींची मुलगी. पियुष आणि ती आर्वीच्या कॉलेजात एकत्र शिकले. जातीबाहेरचं लग्न म्हणून दोन्हीकडचे नातेवाईक तोंड फिरवून बसले तेव्हा अण्णाजींनी स्वतः पुनाजींच्या अंगणात जाऊन सोयरीक मागितली आणि लग्नात सुताचे हार घातले. घरात मुलगी नव्हती; ती जागा सपनानं आल्याच्या पहिल्या पावसाळ्यातच भरली.

आता पियुषनं बुटीबोरीला खोली पाहून ठेवली होती. इकडे आष्टीतल्या दूध संघात एक जागा निघाली होती आणि ती सपनाला मिळण्यासारखी होती, पण कॉम्प्युटरची परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं होतं. पहिल्या खेपेला ती नापास झाली. घरी लिनक्स, परीक्षेला विंडोज. सगळी बटणं भलत्याच जागी. हात जिथं जाई तिथं काही नसे, आणि शोधता शोधता वेळ संपला. दुसरी खेप नवरात्रात होती. तीही गेली असती तर दूध संघाची जागा जाणार आणि दिवाळीनंतर सपना बुटीबोरीला.

घरात हे कोणी बोलत नसे. अनुसयाबाई फक्त म्हणत, ‘‘तिकडचं पाणी जड आहे म्हणते.’’ आणि अण्णाजी मान डोलावत, ‘‘हो, जड आहे.’’

मी आर्वीला टायपिंगचा क्लास चालवायचो. पुढे टाइपरायटर गेले आणि कॉम्प्युटर आले. दोघांनीही माझी बोटं खाल्ली. म्हणून आष्टीच्या बाजाराच्या दिवशी मी पोचलो, तर अनुसयाबाईंनी मला चपलाही काढू दिल्या नाहीत. थेट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढलं.

‘‘भाऊजी, ते लिनस का फिनस त्याच्यातून काढून टाका बरं.’’

‘‘अण्णाजीले विचारलं का?’’

‘‘त्यायले कायले विचारता? विचारलं तं ते हो म्हणतीन, अन् मंग आठ दिवस घास नाई उतरायचा त्यायच्या गळ्याखाली. तुमी काढा अन् सांगा का आपोआप गेलं.’’

‘‘आपोआप काय जाते वहिनी? बोका आहे का ते?’’

‘‘तुमाले जमते असं सांगाले. जल्मभर दुसरं काय केलं तुमी?’’

हात धुवायला मागं गेलो तर संत्र्याच्या झाडाखाली अण्णाजी उभे. इकडे तिकडे पाहिलं. मला वाटलं तंबाखू मागतात की काय.

‘‘कवडू,’’ ते हळूच म्हणाले, ‘‘लिनक्स काढता येते का रे? विंडोज परत टाकता येते?’’

‘‘येते ना.’’

‘‘मंग काढ. पण सपनाले समजलं नाई पायजे का तिच्यासाठी काढलं. पोरगी मनाले लावून घेईन. अन् तुह्या वहिनीलेबी सांगू नको. तिच्या पोटात काई राहत नाई.’’

मी ओसरीत बसलो तर सपना चहा घेऊन आली. कपबशी माझ्या हातात देताना सोडेचना.

‘‘काकाजी, आई काई म्हणाल्या असतीन तं ऐकू नका.’’

‘‘काय म्हणणार आहे तुही सासू?’’

‘‘मले माहीत आहे. बाबा रोज सकाळी त्याच्यासमोर बसते. एकेक अक्षर शोधून शिकले ते. माह्यासाठी त्यायचं ते काढाचं नाई. मी कारंज्याले जाऊन शिकीन क्लासमंदी.’’

‘‘रोज? एस.टी.नं?’’

‘‘मंग काय झालं?’’ ती म्हणाली, आणि कपबशी सोडली.

एक घर, एक कॉम्प्युटर, आणि तिघंही एकमेकांपासून लपून माझ्याच कानात बोलून गेलेले. दोघं म्हणतात काढ, एक म्हणते काढू नको, आणि तिघांचं कारण एकच. आता अशा वेळी खरं बोलणारा माणूस काय कामाचा? जेवायला बसल्यावर भाकरीचा तुकडा मोडून मी गंभीर आवाजात म्हणालो, ‘‘अण्णाजी, वाईट बातमी आहे. यंदा लिनक्सवर बोंडअळी आली.’’

अनुसयाबाईंच्या हातातला वरणाचा डाव थांबला.

‘‘नागपूर-अमरावती रोडवर सगळीकडे,’’ मी पुढं रेटलं. ‘‘आधी कोपऱ्यातली अक्षरं खाते. मंग मधली. दसऱ्यापर्यंत पुरा पडदा पांढरा करते.’’

अण्णाजींनी हातातला घास परत ताटात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना खोटं बोलायची गरज पडली होती, आणि अंगात कला नव्हती. ते ताटाकडे पाहत म्हणाले, ‘‘काल... काल काईतरी वळवळलं खरं पडद्यावर.’’

‘‘मीबी पाह्यलं!’’ अनुसयाबाई म्हणाल्या. ‘‘हिरवी होती.’’

सपनानं तिघांकडे एकेक करून पाहिलं. ‘‘मंग फवारा मारा न काकाजी. पुरं पीक उपटाले काऊन निघाले?’’

‘‘फवारा मिळते, पण तो मुंबईत.’’

‘‘मुंबईत कापूस नाई, अन् फवारा आहे,’’ ती म्हणाली आणि उठून गेली. जाता जाता अण्णाजींच्या ताटात, त्यांनी न मागता, तूप वाढून गेली.

लिनक्स काढायचं तर आधी बूट डिस्क लागते. म्हणजे अशी फ्लॉपी की यंत्राच्या पोटातलं सगळं काढून टाकलं तरी ही आत घातल्यावर ते डोळे उघडतं आणि काय करू विचारतं. नवीन यंत्रं सीडीवरूनही उठतात. अण्णाजींचं यंत्र म्हातारं, त्याला फ्लॉपीच लागे. लिलावात सीडीबरोबर तशी एक मिळालीही होती. देणारा कारकून अनुसयाबाईंना म्हणाला होता, ‘‘ही नीट साठवून ठेवा. वर्षानुवर्षं लागायची नाही, पण लागेल तेव्हा हीच लागेल.’’

अनुसयाबाईंना हे चांगलंच समजलं होतं. त्या आत गेल्या, कोठीचं झाकण वाजलं, आणि फ्लॉपी घेऊन आल्या. मी चष्मा शोधतोय तोवर अण्णाजींनी ती घाईनं यंत्रात ढकललीसुद्धा. त्यांना भीती होती की थांबलो तर आपलंच मन बदलेल.

यंत्रानं आवाज काढला. मी आयुष्यात अनेक यंत्रांचे आवाज ऐकले, पण हा जात्यात खडा गेल्यासारखा होता. मग आतून तुरीच्या डाळीचा एक दाणा टपकन बाहेर आला.

‘‘वहिनी, हे होती कुठं?’’

‘‘डाळीच्या कोठीत. कडुनिंबाच्या पाल्यात.’’

‘‘अन् चमकून काऊन राह्यली?’’

‘‘एरंडेल लावलं ना!’’ त्या अभिमानानं म्हणाल्या. ‘‘दोन्हीकडून. ते लोखंडाचं पातं सरकवून आतबी लावलं, बोटानं. तुरीची डाळ वर्षभर राहते तं हे नाई राहाची? पाहा बरं, एक कीड लागली का?’’

खरंच लागली नव्हती. फ्लॉपी एवढी निरोगी मी कधी पाहिली नाही. फक्त तिच्यावर लिहिलेलं सगळं तेलात बुडालं होतं.

अण्णाजींनी आपल्या टोपलीतून पेळू काढले. पेळू म्हणजे कातायला पिंजून वळलेला कापूस. उदबत्तीच्या काडीला गुंडाळून, स्पिरिटमध्ये बुडवून, ते यंत्राच्या फ्लॉपी घालायच्या खाचेतून तेल टिपत बसले. अनुसयाबाई शेजारी उकिडव्या.

‘‘माह्यामुळं झालं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पोरीच्या परीक्षेले वेळ कमी, अन् मी तेल चोपडलं.’’

‘‘तू राखलं,’’ अण्णाजी म्हणाले. ‘‘ज्यानं साठव म्हटलं त्यानं कसं ते सांगाले पायजे होतं.’’

नवीन बूट डिस्क बनवायला विंडोज चालू असलेलं दुसरं यंत्र हवं. ते जवळात जवळ कारंज्याला. दुसऱ्या सकाळी मी निघालो तर अनुसयाबाई लुगड्याचा पदर खोचून फाटकात उभ्या. ‘‘माह्यानं बिघडली, मीच आणीन.’’

कारंज्याला हायवेवर, ट्रकच्या टायरवाल्याच्या माडीवर धीरज नावाच्या तरुणाचा कॉम्प्युटर क्लास होता. खाली हातोडा पडला की वरचा पडदा थरथरे. कंट्रोल पॅनेलमध्ये स्टार्टअप डिस्क बनवायची जागा असते, तिथं एक बटण दाबलं की यंत्र कोरी फ्लॉपी मागतं आणि आपलं आपण लिहीत बसतं. पहिली कोरी फ्लॉपी नासकी निघाली. दुसरी अर्ध्यात असताना खाली कुणीतरी दहा चाकी ट्रकला जॅक लावला आणि अख्खी माडी वीतभर वर गेली. उतरवली तेव्हा डिस्क तयार होती.

परतीच्या एस.टी.त मी अनुसयाबाईंना एवढंच म्हणालो की फ्लॉपी उभी धरली तर गचक्यांनी सगळी अक्षरं खालच्या कोपऱ्यात गोळा होतात. गंमत म्हणून म्हणालो. पण त्या बाईनं आष्टीपर्यंत ती दोन्ही तळव्यांवर आडवी धरली, नैवेद्याच्या ताटासारखी. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर म्हणाल्या, ‘‘माह्या कमरेच्या पिशवीतून काढून घे बाबू, माहे हात नाई मोकळे.’’ मला मग खरं सांगायची हिंमत झाली नाही.

लाइन जायच्या आत काम उरकायचं म्हणून आल्याआल्या बसलो. अण्णाजी खुर्चीवर, मी बाजूला स्टुलावर, अनुसयाबाई उंबऱ्यावर. सपना आत भांडी घासत होती, पण भांडी वाजत नव्हती.

डिस्क घातली. यंत्र उठलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. यात जमीन मोजणीसारखं असतं. यंत्राच्या पोटातल्या हार्ड डिस्कवर कुणाचा किती तुकडा ते दिसतं. लिनक्सचे दोन होते, एक मोठा, एक छोटा. डिस्क मुळात एवढीशी, की विंडोजला शेजारी जागा देऊन दोघांनाही ठेवणं शक्य नव्हतं. अण्णाजींनी ते मला तीनदा विचारून झालं होतं.

छोटा तुकडा त्यांनी पुसला. मोठ्यावर आले. यंत्रानं विचारलं, खरंच पुसायचं का? होय किंवा नाही. अण्णाजींचं बोट ‘वाय’वर जाऊन थांबलं.

सपना ओल्या हातांनी दारात आली.

‘‘बाबा, बोंडअळी लागली म्हणून काढून राह्यले न?’’

‘‘हो.’’

‘‘माह्याकडे पाहून सांगा.’’

अण्णाजींनी पाहिलं नाही. मी तोंड उघडलं, तर अनुसयाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं.

‘‘तुमी खोटं नाई बोलत बाबा,’’ सपना म्हणाली. ‘‘मंग काऊन काढून राह्यले?’’

बाहेर कुणीतरी बकऱ्या हाकत गेलं. अण्णाजी पडद्याकडे पाहत होते.

‘‘बुटीबोरीचं पाणी जड आहे पोरी.’’

सपना पुढं आली. हात पदराला पुसले. भिंतीशी असलेली घडीची खुर्ची उचलून आणली, त्यांच्या शेजारी मांडली आणि बसली. मग म्हणाली, ‘‘दाबा.’’

त्यांनी दाबलं.

मग नवा तुकडा आखला, यंत्र पुन्हा उठवलं, तो साफ केला. विंडोजची सीडी घालण्याआधी अण्णाजी म्हणाले, ‘‘एकदा फ्लॉपी काढून पाहू का? खरंच गेलं का नाई?’’ कुणी नको म्हटलं नाही. त्यांनी फ्लॉपी काढली आणि बटण दाबलं.

पडदा काळा. आणि वरच्या कोपऱ्यात दोनच अक्षरं उमटली, एल आणि आय. बस. पुढं काही नाही.

‘‘हे काय?’’ अनुसयाबाई म्हणाल्या.

मी सांगितलं, आणि हे मात्र खरं सांगितलं. लिनक्स दाराशी एक राखणदार ठेवतं. आलेल्याला तो आपलं नाव सांगतो आणि आत नेतो. घर पाडलं तरी त्याला कोणी सांगितलं नाही, म्हणून तो उभाच आहे. अर्धं नाव घेतो, वळून पाहतो, मागं घर नाही, तिथंच थांबतो.

अण्णाजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला.

‘‘राहू द्या बाबा आजचा दिवस,’’ सपना म्हणाली. ‘‘उद्या करू.’’

‘‘उद्या काय होईन? तो उभाच राहीन अन् तुहा अभ्यास बुडन,’’ अण्णाजी म्हणाले. ‘‘त्याले मोकळं केलं पायजे. कवडू, काय लिहाचं सांग.’’

परत फ्लॉपी घातली. मी एकेक अक्षर सांगत गेलो, सपना प्रत्येक बटण बोटानं दाखवत गेली, आणि अण्णाजी दाबत गेले. एवढीशी ओळ. राखणदार गेला. पुन्हा लावलं तेव्हा दोन अक्षरंही आली नाहीत.

लाइन जायच्या आत विंडोज आत होतं. पडद्यावर आलेल्या निळ्या आभाळाकडे पाहून अनुसयाबाई म्हणाल्या, ‘‘ढगं चांगले काढले.’’

त्यानंतर नवरात्रापर्यंत सपना त्या यंत्रापुढून उठली नाही. अण्णाजी शेजारी चरखा घेऊन बसत आणि लाइन गेली की दोघं अंधारलेल्या पडद्यापुढं तोंडी उजळणी करत. ते विचारत, ‘‘छापाले कुठं जाचं?’’ ती सांगे. शेवटी शेवटी तर तेच आधी सांगून टाकत आणि ती रागावे, ‘‘परीक्षा माही आहे का तुमची?’’

पास झाली. पेढे आणायला अनुसयाबाई स्वतः गेल्या, आणि बाजारातल्या प्रत्येकाला त्यांनी ‘पास’ या शब्दाच्या आधी एक आणि नंतर एक पेढा दिला. दूध संघाचं बोलावणं आलं. पियुषनं बुटीबोरीची खोली सोडली आणि एका मित्राच्या खोलीत पथारी टाकली.

दिवाळी झाल्यावर मी गेलो तेव्हा सपना कामावरून येतच होती. बाहेरच भेटली.

‘‘काय म्हणते तुमचं ऑफिस? कॉम्प्युटर कोणता आहे?’’

ती हसायला लागली. हसून हसून फाटकाला टेकली. ‘‘कॉम्प्युटरच नाई काकाजी! मंजूर झाला म्हणते, आला नाई. मले एक रजिस्टर दिलं अन् दुधात बुडवाची काचेची नळी. दिवसभर नळी बुडवतो अन् पाणी किती ते लिहितो.’’

‘‘अन् परीक्षा?’’

‘‘परीक्षा लागतेच म्हणते.’’ मग पिशवीतून तिनं एक फ्लॉपी काढली. ‘‘मले घरी विंडोज कायले पायजे आता? हे पाहा. लिनक्सची बूट डिस्क. काल रात्री बाबा झोपल्यावर मीच बनवली, विंडोजमधूनच. लिनक्सची सीडी त्यायच्या पेटीत आहे. रविवारच्या आधी यंत्रात टाकतो. त्यायले सांगितलं नाई अजून.’’

आम्ही पाय न वाजवता ओसरीत गेलो. अण्णाजी पाठमोरे, कॉम्प्युटरपुढं. चरखा कोपऱ्यात, आजच्या पेळूला हात लागलेला दिसत नव्हता. पडद्यावर हिरवं मैदान आणि त्यावर पत्ते मांडलेले. ज्या माणसानं गणपतीतसुद्धा या घरात पत्ते येऊ दिले नाहीत, तो एक पत्ता माऊसनं उचलून कुठं ठेवू, कुठं ठेवू करत होता.

मी खोकलो. अण्णाजी दचकून उठले आणि पडद्याला पाठ लावून उभे राहिले.

‘‘हे... बोंडअळी पाहून राह्यलो होतो,’’ ते म्हणाले.

‘‘सापडली का बाबा?’’ सपनानं विचारलं.

‘‘नाई अजून.’’

तिनं फ्लॉपी पुढं केली. ‘‘तुमचं लिनक्स आणलं. डिस्क मी बनवली. हे काढू अन् ते टाकू. बसू का?’’

अण्णाजींनी फ्लॉपी हातात घेतली. उलटीपालटी करून पाहिली. तिनं स्वच्छ अक्षरात त्यांचं नाव लिहिलं होतं. त्यांनी त्या नावावरून बोट फिरवलं. मग ती खिशात ठेवली, वरून एकदा थोपटली, आणि मागं वळून पडद्याकडे पाहिलं.

‘‘टाकू ना,’’ ते म्हणाले. ‘‘टाकूच. पण इतकी घाई काय आहे? तू कुठं चालली का आता?’’

‘‘नाई. मी कुठं जाणार?’’

‘‘मंग. एवढा डाव होऊ दे.’’

सपनानं पिशवी खाली ठेवली, घडीची खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसली. दोघं पत्त्यांकडे पाहत राहिले. आतून अनुसयाबाईंनी चहा किती टाकू विचारलं, मीच चार कप सांगितले.

‘‘काळ्या दश्शीवर लाल नव्वी येते बाबा,’’ थोड्या वेळानं सपना म्हणाली.

‘‘दिसलं मले,’’ अण्णाजी म्हणाले. त्यांना दिसलं नव्हतं.